महिनाभराची ताटातूट



सैनिकांविषयी आपण पुष्कळ व्याख्याने ऐकली असतील. आज आम्ही बोलणार आहोत ते वर्षभर दुकानात, कचेरीत किंवा शेतावर राबून महिना-दोन महिने गणवेशात काढणाऱ्या माणसांविषयी. आम्ही त्यांच्यापैकीच.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचे उद्‌घाटन केले. पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग असणाऱ्यानेच तिच्यात यावे, हे तिचे मूळ सूत्र. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या पलटणी पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. शहरी पलटणींना वर्षातून साधारण ३० दिवसांचे शिक्षण. त्यातले काही सुट्टीच्या दिवशी उरकते, आणि ४ तास भरले की एक दिवस मोजतात. इतर पलटणींना मात्र सलग दोन महिने.

आता कोणी म्हणेल, यात नवल ते काय? शिवकाळात पावसाळ्याचे चार महिने छावणी आणि दसऱ्यानंतर आठ महिने मुलुखगिरी, असा क्रम सभासदाने नोंदवून ठेवला आहे. त्याच्यापुढे आमचा महिना म्हणजे किस झाडकी पत्ती! पण त्या काळी गावातली कितीतरी घरे एकाच वेळी रिकामी होत. सगळ्यांचीच माणसे बाहेर, तेव्हा एकमेकींच्या आधाराने बायका दिवस काढीत. आज आळीतून एकच माणूस जातो.

युद्धावर गेलेल्याच्या घराकडे साऱ्या आळीचे लक्ष असते. शिबिराला गेलेल्याच्या घराकडे कोण पाहतो? ‘महिन्याभरात येतीलच की!’ म्हणून शेजारी मोकळे. पण नेमक्या त्याच महिन्यात पोरीची सहामाही येते, आईला डॉक्टरकडे न्यायचे असते, पाण्याची मोटर जळते. हे सारे आमच्या घरी घडले आहे, आणि मोटर तर दोनदा. शिबिरात आम्हांला पहाटे उठवायला हवालदार असतो, जेवण वेळेवर असते, दाढी केली की नाही हे पाहायलाही माणूस असतो. घरी राहिलेल्या बाईला यातले काहीच नाही. रात्री फोनवर ती ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगते. त्या ‘ठीक’चा अर्थ आम्हांला परत गेल्यावर कळतो. सोबत्यांपैकी ज्यांनी पलटण सोडली, त्यांना कवायत जड झाली असे आम्ही पाहिलेले नाही. त्यांना घर सोडवेना.

पैशाचे म्हणाल, तर शिक्षणाच्या दिवसांचे वेतन लष्कराच्या दराने मिळते. पण दुकानाला कुलूप लागले की गिऱ्हाईक समोरच्या पायरीवर चढते. नोकरदारासाठी कायदा आहे. सेवेवरून परतलेल्याला पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरले आहे. मात्र ‘यंदाही सहलीला का?’ असे विचारणाऱ्या साहेबासाठी कायद्यात कलम नाही.

स्वित्झर्लंडची फौज मुख्यत्वे अशाच अर्धवेळ सैनिकांची. तिथेही उजळणीसाठी वर्षाला साधारण तीन आठवडे घर सोडावे लागते. पण १९५३ सालापासून त्यांच्याकडे कायद्याने चालणारी योजना आहे. मालक, नोकर, स्वतंत्र धंदेवाले सारे तिच्यात वर्गणी भरतात. बुडालेल्या मिळकतीचे, ठराविक मर्यादेपर्यंत, ८० टक्के त्यातून मिळतात. मुलांमागे आणि बंद धंद्यामागे वेगळा भत्ता. तिथे पुरुषांना सेवेची सक्ती आहे, म्हणून हिशेबही चोख आहे. आमच्याकडे खुशीचा मामला, त्यामुळे हिशेब ज्याच्या त्याच्या बायकोकडे!

१९६२, १९६५ आणि १९७१ साली प्रादेशिक सेनेला प्रत्यक्ष कामावर बोलावले होते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना तसे बोलावण्याचे अधिकार दिले, तेव्हा ३२ पैकी १४ इन्फंट्री पलटणींचा त्यात उल्लेख होता. ती बातमी आली त्या रात्री आमच्या घरी कोणी फारसे बोलले नाही. सकाळी पाहतो तो सौभाग्यवतींनी विम्याचे कागद, बँकेची पुस्तके आणि पोरीच्या फीच्या पावत्या एका पिशवीत नीट लावून ठेवल्या होत्या. काय कुठे असते हे तिला ठाऊक होते; विचारावे लागले ते आम्हांला.