ऐकायला सारखे, लिहायला वेगळे

श्रोतेहो, रेडिओवरून या विषयावर बोलणं म्हणजे तशी पंचाईतच आहे. मी ‘सन’ म्हटलं, तर तो सूर्य की मुलगा, हे स्पेलिंग सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. एस-यू-एन म्हणजे सूर्य आणि एस-ओ-एन म्हणजे मुलगा. पाचवी-सहावीतल्या मुलांची अडचण नेमकी हीच असते. बाई श्रुतलेखन घालतात, मूल ऐकतं आणि ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहितं. ‘आय नो’मधला ‘नो’ त्याने एन-ओ असा लिहिला की वहीत लाल फुली पडते. वास्तविक त्याच्या कानाने काहीच चूक केलेली नसते!

मराठीतही असे शब्द आहेतच. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, लिहिताना मात्र पाळावं लागतं. पण आपला गोंधळ बहुतेक वेळा वेलांटी-उकारावर निभावतो. इंग्रजीत अख्खी अक्षरं बदलतात, काही तर नुसतीच बसून राहतात. रात्र या अर्थाचा ‘नाइट’ एनने सुरू होतो आणि चिलखत घालणारा ‘नाइट’ केने. हा के तिथे कशाला, असं मुलं विचारतात. ‘पाठ कर’ हे त्यावरचं उत्तर नव्हे. एके काळी इंग्रज लोक तो के खरोखर उच्चारत असत. भेटणे आणि मांस या अर्थांचे दोन ‘मीट’सुद्धा पूर्वी वेगवेगळे ऐकू येत. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला, पुढे छापील स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली आणि बोलणं मात्र बदलत राहिलं. एवढी गोष्ट सांगितली, तरी स्पेलिंगवरचा मुलांचा राग निम्मा उतरतो.

आता शिकवण्याची पद्धत. फळ्यावर वीस जोड्या लिहायच्या आणि घोकून आणायला सांगायच्या, हा आपला जुना रिवाज. माझ्या मते गोंधळ बराचसा तिथेच पेरला जातो. सारखे दिसणारे दोन जुळे भाऊ एकाच दिवशी भेटले, तर कोण कोणता हे लक्षात राहत नाही. आधी एकाशी नीट ओळख होऊ द्यावी, दुसरा पंधरा-वीस दिवसांनी आणावा. आणि ओळख करून द्यायची ती गोतावळ्यासकट. ऐकणे या अर्थाच्या ‘हिअर’मध्ये ई-ए-आर म्हणजे कान आहे. तिथे या अर्थाच्या ‘देअर’मध्ये ‘इथे’ हा अख्खा शब्द बसला आहे आणि ‘कुठे’मध्येही तोच आहे. दोन या आकड्यातला डब्ल्यू मुका खरा, पण ‘ट्वाइस’, ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’ म्हणून बघा, तो बोलायला लागतो.

‘स्टेशनरी’ची गंमत तर वेगळीच. ए असलेला शब्द म्हणजे स्थिर, ई असलेला म्हणजे कागद-पेन्सिली. दोन्ही सख्ख्या बहिणी आहेत. जुन्या काळी फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्याकडे मिळणारा माल ती स्टेशनरी.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकांत सहसा सापडणार नाही. ‘वेस्ट’ हा शब्द घ्या. अंधेरी वेस्टमधली पश्चिम, अंगातला बनियन, कंबर आणि वाया घालवणे, हे चारही आपण देवनागरीत ‘वेस्ट’ लिहितो आणि पुष्कळदा बोलतोही तसेच. इंग्रजाच्या कानाला यातले फक्त कंबर आणि वाया घालवणे हेच दोन सारखे. म्हणजे आपल्या मुलाला चारांतून निवड करायची असते! यावरचा इलाज वहीत नाही, तोंडात आहे. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. ‘वाया घालवणे’मधला ए लांबवावा लागतो. आरशासमोर पाच मिनिटं हा खेळ केला, तर चारांतले दोन आपोआप बाजूला होतात.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. अनेक घरांत ती भाषा शिकणारी ही पहिलीच पिढी. अशा मुलाच्या वहीत पाच-सहा फुल्या ओळीने पडल्या, की ‘आपल्याला इंग्रजी जमत नाही’ अशी त्याची समजूत होते आणि मग ते वर्गात तोंड उघडत नाही. म्हणून श्रुतलेखनाला सुटा शब्द कधीही घालू नये, पूर्ण वाक्य घालावं. अर्थ कळला, तरच निवड करता येते. आणि सुटा शब्द घातलाच, आणि एखाद्या मुलाने हात वर करून ‘बाई, कुठला वेस्ट?’ असं विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. लिहिण्याआधीच त्याला त्या शब्दाचे पूर्ण गुण देऊन टाका.