सेवकांच्या हृदयाचीही काळजी
(वार्षिक सभेतील भाषण)



रुग्णाच्या दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा आम्ही दिवसातून अनेकदा बांधतो. स्वतःच्या दंडाला तो शेवटचा कधी बांधला, हे मात्र आमच्यापैकी अनेकांना आठवत नाही. आज या विसराळूपणाविषयीच बोलावयाचे आहे.

सन २००४ मध्ये ५२ देशांतील सुमारे तीस हजार व्यक्तींच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक धोका नऊ घटकांशी निगडित असल्याचे त्यात आढळले. धूम्रपान, रक्तातील मेद, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढता घेर, मानसिक ताण हे त्यांतील प्रमुख. दक्षिण आशियात हा झटका इतरत्र येतो त्यापेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, साधारणतः ५३व्या वर्षी येतो, हेही त्यातून दिसले. म्हणजे ऐन नोकरीच्या वयात.

रुग्णालयातील सेवक यास अपवाद नाहीत; उलट रात्रपाळीने त्यांचा धोका वाढतो. झोपेचे चक्र बिघडले की रक्तदाब व साखरेचा समतोल ढळतो, जेवणाची वेळ चुकते. जागरण निभावण्यासाठी कोणी तंबाखूची चिमूट जवळ करतो. घरी पेजेसोबत लोणचे नि खारवलेला बांगडा असतोच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मिठाची मर्यादा मात्र दिवसाला पाच ग्रॅमहून कमी आहे.

हृदयावरील विशेष उपचारांसाठी दोडामार्गच्या रुग्णांना गोव्यातील बांबोळीची वाट धरावी लागते. झटक्यानंतर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. म्हणूनच आपल्यासाठी प्रतिबंध हाच सर्वांत जवळचा उपचार होय.

विश्वस्तांना आमची विनंती अशी की, सलग रात्रपाळ्या कमी कराव्यात, रात्रीच्या सेवकांना वेळेवर गरम जेवण मिळावे आणि सफाई कामगार, वाहनचालक व कंत्राटी सेवक यांच्यासह सर्वांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. तपासणीचा निकाल गुप्त राहावा. नोकरी जाईल या भीतीने कोणी आजार लपवू नये.

देणगीदारांना एवढेच सांगणे की, नव्या यंत्रासाठी हात पुढे करताना ते यंत्र चालविणाऱ्यांचेही स्मरण असावे. आमच्याकडूनही वचन देतो: उद्या कामावर येताच पहिला पट्टा आम्ही आपल्याच दंडाला बांधू.