धावदोऱ्याचा ब्रश



मी लातूर तालुक्यात बचत गटांची समन्वयक आहे. एरवी या कार्यक्रमात मी आले की कर्जफेड, पासबुक, ठरावाची वही असंच काहीतरी ऐकावं लागतं तुम्हाला. आज विषय वेगळा आहे. संगणकावर चित्र काढताना लागणारा ब्रश आपला आपण कसा करायचा, ते सांगायचंय. ‘ही बाई आता चित्रं काढायला लागली का?’ असं कुणाला वाटेल. वाटू द्या. पण आधी हे ऐका, की आम्हाला त्याची गरज का पडली.

आमच्या एका गटातल्या बायका गोधड्या शिवतात. जुन्या लुगड्यांची मोठी वाकळ, बाळाची दुपटी, आता पिशव्यासुद्धा. मागं एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला. लेबल हवं म्हणून घाईघाईत छापून आणलं. छापणाऱ्यानं त्याच्या संगणकातली तयार नक्षी चारही बाजूंनी लावून दिली, कोयरी आणि वेल. दिसायला छान होती. प्रदर्शनात बघतो तर समोरच्या लोणच्याच्या बरण्यांवर तीच कोयरी, तोच वेल. एक बाई आमची पिशवी हातात घेऊन म्हणाली, “लोणचं पण तुमचंच का?” आम्ही हसलो. पण संध्याकाळी सामान आवरताना आमच्या मावशी बोलल्याच, “एवढा टाका घालतो आपण, अन्‌ कागदावर दुसऱ्याचीच फुलं.”

मावशी म्हणजे गटातल्या सगळ्यात जुन्या. साठीच्या पुढच्या आहेत, पण चष्मा न लावता सुईत दोरा ओवतात. त्यांचा धावदोरा मी डोळे झाकून बोट फिरवून ओळखीन.

मग डोक्यात आलं, की लेबलाची किनार कोयरीची कशाला, मावशींच्या धावदोऱ्याचीच का नको?

गटात एक मुलगी आहे, तिनं एमएस-सीआयटी आणि नंतर डीटीपीचा कोर्स केलाय. ती म्हणाली, “ताई, दुकानात कोरल ड्रॉ असतं, मोठ्या ठिकाणी इलस्ट्रेटर. त्याचे पैसे आपल्याला परवडायचे नाहीत. पण इंकस्केप फुकट आहे, आणि चोरून टाकायचीही गरज नाही.” खरंच आहे ते. इंकस्केप २००३ साली सुरू झालं, जगभरातल्या लोकांनी मिळून वाढवलं, आणि कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं, अशी त्याची अटच आहे. आमच्या जुन्या लॅपटॉपवर ते चाललं. जरा धापा टाकत, पण चाललं.

आता ही ‘व्हेक्टर’ भानगड काय, ते थोडक्यात. मोबाइलचा फोटो म्हणजे ठिपकेच ठिपके. मोठा केला की ठिपके दिसायला लागतात आणि चित्र फाटतं. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात. रेष कुठून निघाली, कुठं वळली, कुठं थांबली, एवढा हिशेब असतो. म्हणून तेच चित्र दोन इंचाच्या लेबलावर लावा नाहीतर स्टॉलच्या बॅनरवर, कडा स्वच्छच राहते. आणि ब्रश म्हणजे काय, तर एक छोटा नमुना एकदा काढून ठेवायचा आणि मग नुसती रेघ ओढायची. रेघ जिकडं जाईल तिकडं नमुना तिच्यामागं जातो. दोऱ्यामागं टाका जातो तसाच.

पहिल्यांदा आम्ही मावशींच्या टाक्याचा फोटो काढला आणि ‘ट्रेस बिटमॅप’ नावाची सोय आहे, ती वापरली. ती फोटोवरून आपोआप रेषा काढून देते. दिल्या तिनं, पण कापडाचा पोत, धाग्याची लव, सगळंच उचललं. एका टाक्याला शेकड्यानं बिंदू. अशा टाक्याची किनार करायला गेलो की लॅपटॉप बंद पडायचा. मग तो नाद सोडला. फोटो खाली ठेवला आणि त्यावर पेन टूलनं टाका हातानं काढला. पाच-सहा बिंदू पुरतात एका टाक्याला. फोटो काढताना मात्र सावलीत, दिवसाउजेडी, बरोबर वरून काढा. तिरका काढला तर टाकाही तिरकाच येतो.

तो एक टाका घेऊन आम्ही किनार केली आणि मोठ्या कौतुकानं मावशींना दाखवली. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाल्या, “हे मशीनचं आहे.”

झालं! आमचं तोंड उतरलं. पण त्यांचं बरोबर होतं. एकच टाका पन्नास वेळा ठेवला तर तो पन्नास वेळा सारखाच दिसणार. हाताचा टाका तसा नसतो. एखादा लांबतो, एखादा आखूड होतो, जाड घडी आली की सुई जरा वर निघते. डोळ्याला हे एकेक कळत नाही, पण नसलं की लगेच कळतं.

म्हणून दुसऱ्या वेळी एक टाका न घेता सलग सात टाके घेतले, मावशींनी एका दमात घातलेले, जसेच्या तसे. आखूड तो आखूड, वाकडा तो वाकडा. मुलगी ते सरळ करायला निघाली होती, मी तिचा हात धरला. तीन घेतले तर पुनरावृत्ती दिसते. वीस घेतले तर कामाचा पसारा वाढतो आणि छोट्या लेबलात मावत नाहीत. सात आम्हाला जमले, तुम्हाला पाच किंवा नऊ जमतील.

हे सात टाके निवडून ‘ग्रुप’ करायचे नाहीत, ‘कंबाइन’ करायचे. गट केला तर हा इफेक्ट ते घेतच नाही, सगळ्यांचा मिळून एकच पाथ लागतो. बचत गट चालवणाऱ्या बाईला संगणकानं हे सांगावं, याचं मला फार हसू आलं. त्यानंतर ते कॉपी करायचे, किनारीची रेघ निवडायची, पाथ मेन्यूतून ‘पाथ इफेक्ट्स’ उघडून ‘पॅटर्न अलाँग पाथ’ लावायचा आणि कॉपी केलेला नमुना तिथं जोडायचा. बहुतेक वेळा टाके पोकळ दिसतात, नुसत्या कडा. घाबरू नका. आतला रंग म्हणजे फिल द्या आणि बाहेरची रेघ म्हणजे स्ट्रोक काढून टाका. नमुन्याच्या प्रती किती, या ठिकाणी ‘रिपीटेड, स्ट्रेच्ड’ निवडलं की टाके किंचित ताणून शेवटपर्यंत बरोबर बसतात, कडेला अर्धवट जागा उरत नाही. मुक्तहस्तानं रेघ ओढायची असेल तर पेन्सिल टूलमध्ये ‘शेप’ या ठिकाणी ‘फ्रॉम क्लिपबोर्ड’ करा. मग माऊस ओढाल तसा टाका उमटत जातो. शाळेतल्या पोरींना हे फारच आवडलं, त्यांनी त्या टाक्यानं स्वतःची नावं काढली.

परत मावशींकडं गेलो. यावेळी बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, “इथं हात का घसरलाय? अन्‌ इथं पण? अन्‌ परत इथं?” मोजलं, तर दर सातव्या टाक्याला! सातवा टाका आणि पुढच्या खेपेचा पहिला टाका एकमेकांना चिकटून एक लांबलचक टाका होत होता. आमच्या नमुन्याची सुरुवात टाक्यानं आणि शेवटही टाक्यानं, मधली मोकळी जागा शेवटी धरलीच नव्हती. त्याला ‘स्पेसिंग’ म्हणून आकडा असतो. तो वाढवत नेला आणि घसरलेला हात जागेवर आला. संगणकातली ही चूक जिनं कधी माऊस धरला नाही तिनं शोधली, हे मुद्दाम सांगते.

रंगाचं एक लक्षात ठेवा. हा इफेक्ट नमुन्याचा फक्त आकार घेतो, रंग घेत नाही. दोन रंगांचे टाके हवे असतील तर दोन रेघा वेगळ्या करा. नाहीतर एक्स्टेन्शनच्या मेन्यूत याच नावाची दुसरी सोय आहे, तिथं रंग टिकतात. पण ते एकदा लावलं की लावलं, नंतर रेघ वाकवली तर नमुना वाकत नाही.

आता कोपरा. सगळ्यात जास्त छळलं ते कोपऱ्यानं. गोल लेबलावर काही अडचण आली नाही. आपल्या गंजगोलाईभोवती दुकानं कशी वळत गेलीत, तसे टाके वर्तुळावर वळत गेले. पण चौकोनी लेबलाच्या कोपऱ्यावर टाका पिळवटून निघायचा, चिंधी झाल्यासारखा. इलस्ट्रेटरमध्ये पॅटर्न ब्रश करताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा देता येतो, बाहेरच्या कोपऱ्याचा निराळा, आतल्या कोपऱ्याचा निराळा. आपल्याकडं ते नाही. शेवटी मावशींनाच विचारलं, की वाकळीच्या कोपऱ्याला तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, “कोपऱ्यावर सुई थांबवायची. पुन्हा नवी सुरुवात.” मग आम्हीही चार बाजूंच्या चार वेगळ्या रेघा केल्या, कोपऱ्यापाशी थांबवल्या आणि कोपऱ्यात छोटं त्रिकोणी ठिगळ ठेवलं. सीमेपलीकडं वाकळीला कौदी म्हणतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या सिद्दी बायका कौदीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळं लावतात, त्याला फूल म्हणतात, आणि फुलाशिवाय कौदी पुरी झाली असं मानत नाहीत. कोपरा सगळीकडंच अवघड असणार!

लेबलावरची अक्षरंही हाताची करावीत, म्हणून कॅलिग्राफी पेन घेतलं. तिथं निबेचा कोन मुळात ३० असतो. तो इंग्रजी अक्षरांना बरा. आपल्या देवनागरीसाठी बोरूची जीभ उलट्या बाजूला तिरकी कापत. म्हणून वरून उजवीकडून डावीकडं खाली येणारी रेघ जाड आणि दुसरी बारीक होते. तेव्हा त्या आकड्यामागं उणे चिन्ह द्या. आम्ही उणे ४० च्या आसपास ठेवला आणि अक्षर एकदम ओळखीचं दिसायला लागलं.

एवढं सगळं करून आमची पहिली छपाई वाया गेली, तेही सांगते. लहान अक्षरांतली ओळ आम्ही टाइप केलेली होती आणि फाइल तशीच छपाईला दिली. त्या दुकानाच्या संगणकात आमचा फाँट नव्हता. ‘हस्तनिर्मित’ मधला स्त सुटा होऊन पाय मोडलेला स आला, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. त्यांनी बघितलं नाही, आम्हीही नमुना न मागता ‘छापा’ म्हणालो. पाचशे लेबलं. त्यांची मागची बाजू अजून हिशेबाला वापरतेय मी. तेव्हा फाइल देण्याआधी अक्षरं आणि किनार दोन्ही निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, पीडीएफ काढा आणि एक प्रत छापून हातात घेतल्याशिवाय पुढचा शब्द बोलू नका. मूळ फाइल मात्र तशीच वेगळी ठेवा, कारण पाथ केल्यावर अक्षर बदलता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लहान लेबलावर सात टाके नुसते मुंग्यांसारखे दिसले, म्हणून त्यासाठी वेगळा ब्रश केला. टाके चारच, पण जाड. एकच ब्रश सगळीकडं चालत नाही. दुपट्याची सुई आणि वाकळीची सुई तरी कुठं एक असते?

इंकस्केपमध्ये असे ब्रश इलस्ट्रेटरसारखे एका पेटीत ओळीनं राहत नाहीत. आम्ही एक एसव्हीजी फाइलच डबा म्हणून ठेवलीय. त्यात मावशींचा धावदोरा, जाड धावदोरा, आणि शेजारच्या तांड्यावरच्या एका ताईंनी काढून दाखवलेला बंजारा भरतकामाचा एक टाका. लागेल तो तिथून कॉपी करायचा.

आणि आता या डब्यावरूनच आमच्यात वाद आहे. दुसऱ्या एका गटानं तो ब्रश मागितलाय. ती मुलगी म्हणते, “ताई, इंकस्केप लोकांनी आपल्याला फुकट दिलं, आपण टाका दिला तर काय बिघडलं?” मावशी म्हणतात, “शिकवायला मी कधी नाही म्हणले का? यावं, बसावं, स्वतःच्या हातानं घालावा अन्‌ त्याचा फोटो काढावा. माझा हात कशाला न्यायचा?” मला दोघींचं पटतं, हीच पंचाईत. धावदोरा काही कुणाच्या मालकीचा नाही, अख्खी दुनिया घालते. पण ते सात टाके, त्यातला तो आखूड तिसरा, तो मावशींचाच आहे. आणि बंजारा टाका तर आमच्या गटाचाही नाही. तो आम्ही छपाईला अजून वापरलेला नाही, त्या ताईंना आधी विचारायचंय आणि विक्रीतला वाटा ठरवायचाय.

सोमवारच्या बैठकीत ठराव मांडणार आहे. ब्रश द्यायचा की नाही, दिला तर कुणाच्या नावानं आणि पैसे आले तर मावशींना किती. तोवर पेन ड्राइव्ह गटाच्या पेटीत आहे, पासबुकांच्या खाली, आणि पेटीची किल्ली मावशींकडं.