गुलेलीतून गोटी किती वेगाने सुटते?

(मंडळाच्या बालविभागात दिलेले व्याख्यान)



इथे इंदुरात जिला सगळे गुलेल म्हणतात, ती आपली गलोल. मध्यंतरी मंडळाकडे दोन-तीन तक्रारी आल्या आणि मुलांच्या गुलेली जप्त कराव्यात असे ठरत होते. आम्ही म्हटले, जप्त करायच्या तर करा, पण आधी मोजून पाहू. सरकारी नोकरीत आमचा जन्म मोजमापातच चालला आहे.

मुले विचारतात, "काका, रबर चार किलोच्या जोराने ताणले तर गोटीचा वेग किती?" प्रश्न अपुरा आहे. नुसत्या जोरावरून वेग निघत नाही. तो जोर किती अंतरभर किंवा किती वेळ लागला, हेही कळावे लागते. वेळ मोजणे कठीण. रबर दोन-तीन शतांश सेकंदांत मोकळे होते. अंतर मात्र साध्या पट्टीने मोजता येते.

म्हणून गुलेलीच्या चामड्याला आकड्याचा स्प्रिंगकाटा अडकवला. १५ सेंटीमीटर ओढल्यावर काटा दोन किलो दाखवी, ३० सेंटीमीटरला चार किलो, म्हणजे सुमारे ४० न्यूटन. सुटताना हा जोर ४० वरून शून्यावर येतो, म्हणून सरासरी २० धरायचा. (इथे पुष्कळजण ४०च धरतात आणि उत्तर फुगवतात.) २० न्यूटन गुणिले ०.३ मीटर, कार्य झाले ६ ज्यूल. ते सगळे गोटीला मिळाले तर तेच तिची गतिज ऊर्जा: अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. मोठी गोटी २० ग्रॅमची. वेगाचा वर्ग ६००, वेग सेकंदाला साडेचोवीस मीटर. ताशी ८८ किलोमीटर!

हे कागदावर. मग रिकाम्या मैदानात सव्वा मीटर उंचीवरून गुलेल अगदी आडवी धरून गोटी सोडली. एवढ्या उंचीवरून खाली पडायला अर्धा सेकंद लागतो. वाळूत खूण उमटली १० मीटरवर. म्हणजे खरा वेग २०, आणि ऊर्जा ४ ज्यूल.

उरलेले दोन ज्यूल कुठे गेले? रबराला आणि चामड्यालाही पळावे लागते, त्यात बरेच. काही रबरातच उष्णता होऊन राहतात, आणि थोडे हवेत. रबर झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल.

आता पालकांसाठी. चार ज्यूल म्हणजे दोन किलोचे वजन वीतभर उंचीवरून पडावे तेवढे. पायावर पडले तर ओरडाल. इथे ते सगळे एका गोटीच्या टोकावर येते, आणि समोर कुणाचा डोळा असू शकतो. ओढ निम्मी, १५ सेंटीमीटर, केली की ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई होते. म्हणून आम्ही कार्यकारिणीला सुचवले: जप्ती नको, रबरावर १५ सेंटीमीटरची दोरी बांधा, नेम फक्त वाळूच्या पोत्यावर. ते मान्य झाले आहे.

पाच ग्रॅमच्या लहान गोटीचा वेग दुप्पट होतो का, ते येत्या रविवारी मोजू. डोळ्यांना लावायचे चष्मे घरून आणा.