विजयी पंतप्रधानांचा पराभव

१९४५ च्या ५ जुलैला ब्रिटनमध्यें मतदान झालें; परंतु परदेशांतील सैनिकांचीं मतें यावयाचीं असल्यामुळें निकाल २६ जुलैला लागला. ६४० पैकीं ३९३ जागा मजूर पक्षानें जिंकल्या. ज्या चर्चिलसाहेबांनीं हिटलरशीं झुंजून राष्ट्र तारलें, त्यांचाच पक्ष हरला! ही कृतघ्नता नव्हे. मतदाराला घर, रोजगार व आजारपणांतील आधार यांची चिंता होती. १९४२ च्या बेव्हरिज अहवालानें त्या आशा जागविल्या होत्या. त्याच सायंकाळीं चर्चिलसाहेबांनीं राजीनामा दिला आणि ॲटली पंतप्रधान झाले. त्यांच्याच कारकीर्दींत, १९४७ सालीं, हिंदुस्थान स्वतंत्र झाला. मत देणें म्हणजे झाल्या कार्याचें बक्षीस वांटणें नव्हे, तर पुढील कार्याची जबाबदारी सोंपविणें होय, हाच या निकालाचा बोध.