खडकावर बसलेली रिस्पा

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात वारली चित्रं नजरेला पडली नाहीत असं होत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर पोचवली. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस तयार. चेहऱ्यावर ना डोळे, ना ओठ. तरी कोण नाचतंय, कोण दमलंय ते कळतं, कारण आपण कमरेचा बाक बघतो, कोण कुणाशेजारी उभं आहे ते बघतो. बायबलमधल्या जुन्या कथाही अशाच ऐकायच्या. निवेदक कुणाच्या मनातलं फारसं सांगत नाही. कुणाला कुठे उभं केलंय, ते आपण हेरायचं.

यहोशवाच्या पुस्तकातला आखान घ्या. यरीहो शहराच्या लुटीला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. यानं एक झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल सोन्याची लगड तंबूत पुरून ठेवली. चोरी उघडी पडते. मग शिक्षेसाठी काय काय नेलं त्याची यादी येते: आखान, चांदी, झगा, सोनं, मुलगे, मुली, बैल, गाढवं, मेंढरं, तंबू. पोरं कुठे आली बघा. सोन्यानंतर, बैलांच्या आधी. त्यांना नावं नाहीत, तोंडी एक शब्द नाही. बायकोचा तर उल्लेखच नाही. पुरलेला माल पोरांना ठाऊक असणारच, अशी सारवासारव काही भाष्यकार करतात. कथेत तसं अक्षरही नाही. पोरांचा गुन्हा काय, हे विचारल्याशिवाय मला त्या यादीच्या पुढे सरकता येत नाही.

आणि हे फार लांबचं आहे असंही नाही. एकानं जातपंचायतीचं ऐकलं नाही की अख्खं घर वाळीत, लग्नकार्याचं बोलावणं बंद. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. बायबलमध्येही यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात रोखठोक सांगतो, की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही.

पण वाद घालण्याची दुसरी, मला जास्त भिडणारी तऱ्हा रिस्पाच्या कथेत आहे. शौल राजानं गिबोनी लोकांची कत्तल केली होती. तो मेल्यावर, दावीदाच्या राज्यात त्या कत्तलीपायी तीन वर्षं दुष्काळ पडला. भरपाई म्हणून दावीदानं शौलाचे दोन मुलगे आणि पाच नातू गिबोन्यांच्या हवाली केले. सातही जणांना डोंगरावर टांगलं. ते दोन मुलगे रिस्पाचे, शौलाच्या उपपत्नीचे. ती खडकावर गोणपाट अंथरून बसली. दिवसा पाखरं हाकली, रात्री जनावरं. जवाच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत. तिकडे जव वसंतात कापतात आणि पाऊस लागतो शरदात. नेहमीचा पाऊस धरला तर पाच-सहा महिने झाले.

हे ऐकून दावीद हलला. हाडं गोळा करून शौलाला वाडवडिलांच्या थडग्यात पुरलं. त्यानंतर देवानं देशासाठीची विनवणी ऐकली, असं निवेदक सांगतो. हे वाक्य त्याला सात जणांना टांगल्यावर लगेच घालता आलं असतं. तिथे त्यानं घातलेलं नाही.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय घरी मोठ्यानं वाचा. देव, दावीद, गिबोनी, सगळे बोलतात. रिस्पा किती बोलते, तेवढं मोजा.