दलमातली पोर कुणाची?

(रत्नागिरी येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात आलेच असेल, की रत्नागिरीत बसून गडचिरोलीच्या जंगलाची चर्चा कशाला? आपल्याकडे गडचिरोली हा शब्द ऐकू येतो तो बहुधा बदलीच्या ऑर्डरीत. मास्तर असो, नर्स असो की फौजदार, गडचिरोलीला बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. ज्या जिल्ह्याला आपण शिक्षा समजतो तिथेही लोकांची पोरेबाळे वाढतात, हे ध्यानातच येत नाही.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच सुमारास आंध्रातून नक्षलवादी दलमे सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागांत येऊ लागली होती. तेंदूपत्त्याची तुटपुंजी मजुरी, ठेकेदाराची लूट, जंगल खात्याच्या गार्डाची दांडगाई हे प्रश्न खरे होते आणि ते त्यांनी हाती घेतले, हेही खरे. हे मी मुद्दाम आधी सांगते. कारण पुढे जे बोलणार आहे ते ऐकून कुणी म्हणेल, बाई सरकारच्या बाजूने बोलताहेत.

भरती म्हणजे रात्री येऊन कुणी पोराला उचलून नेतो, असेच दरवेळी नसते. आईबापांना धमकावून मुले मागितल्याच्या नोंदी आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतही आहेत. पण पुष्कळदा वाट हळू असते. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने छत्तीसगडातल्या मुलांविषयी सप्टेंबर २००८ मध्ये अहवाल काढला, त्यात ती वाट स्पष्ट दिसते. सहा ते बारा वर्षांची पोरे बाल संघटनात. तिथे गाणी, घोषणा, आणि गावात पोलीस आले का यावर नजर ठेवणे. त्यानंतर नाट्य मंच, मग मिलिशिया, मग दलम. प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून जराशीच उंच. बंदूक हातात येते तोवर परतीची वाट बंद झालेली असते, कारण गाव सोडून आलेल्या पोराचे नाव एव्हाना पोलिसांकडेही गेलेले असते.

आणि मुली? हा भाग आपल्या बैठकीत नाही बोलायचा तर कुठे बोलायचा! दलमांत मुलींचे प्रमाण मोठे राहिले आहे. का जातात? ज्या घरात पाळी आली की गावाबाहेरच्या कुर्माघरात बसायचे, जिथे लग्न दुसऱ्यांनी ठरवायचे, शाळा दूर आणि आश्रमशाळेत मन रमत नाही, तिथे हिरव्या गणवेशातली, पुरुषांच्या बरोबरीने उभी राहून गाणारी ताई बघून चौदा वर्षांच्या पोरीला काय वाटत असेल? तिला ती सुटका वाटते. तिला मूर्ख म्हणून आपण मोकळे होऊ नये. पण आत गेल्यावर काय? आत्मसमर्पण केलेल्या अनेकांनी सांगितले आहे की दलमात लग्नाला परवानगी मिळायची ती पुरुषाने नसबंदी केल्यावरच. म्हणजे घरी बापाने ठरवायचे ते इथे कमांडरने ठरवायचे. शरीर तिचे, हुकूम दुसऱ्याचा.

१९९६ साली मोझांबिकच्या माजी शिक्षणमंत्री ग्रासा माशेल यांनी युद्धातल्या मुलांवरचा अहवाल संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला, तेव्हा जगाचे लक्ष या प्रश्नाकडे गेले. पुढे २००७ मध्ये पॅरिस तत्त्वे ठरली. त्यांत एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ज्याच्या हाती बंदूक तेवढाच बालसैनिक, ही समजूत त्यांनी मोडली. स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, निरोप नेणारी, लैंगिक वापर होणारी मुलगीसुद्धा त्यात धरली. घरकामाला काम म्हणा, हे सांगण्यात आपली निम्मी हयात गेली. रणातल्या चुलीचीही तीच गत होती.

तुमच्या गावातला थिबा राजवाडा तुम्ही रोज बघता. इंग्रजांनी १८८६ साली ज्याला इथे आणून ठेवले, त्या राजाच्या ब्रह्मदेशात लष्कर आणि बंडखोर गट दोघांनीही पोरांच्या हाती बंदुका दिल्या. लष्कराने मुले सोडण्याचा करार संयुक्त राष्ट्रांशी केला तो थेट २०१२ साली.

आता आपल्या देशातली दुसरी बाजू. छत्तीसगडात २००५ मध्ये सलवा जुडूम उभे राहिले. २००८ च्या त्या अहवालात जुडूम आणि विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमलेली अठराखालची पोरेही आहेत. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना असे लढाईला जुंपणे घटनाबाह्य ठरवले. शाळांचेही तेच झाले. माओवाद्यांनी शाळा उडवल्या, सुरक्षा दलांनी शाळांत मुक्काम टाकले. पोराने शिकायचे कुठे, हे दोघांपैकी कुणीच सांगितले नाही.

एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोलीत कसनासूरजवळ चकमक झाली. तीसहून अधिक माणसे मेली. गट्टेपल्ली गावातली काही तरुण मुले बेपत्ता होती. घरचे म्हणाले, पोरे लग्नाला गेली होती. पोलीस म्हणाले, ती नुकतीच दलमात भरती झाली होती. खरे काय याचा निवाडा मी करणार नाही. पण पोलिसांचे म्हणणे जसेच्या तसे धरले, तरी त्यांत अठराखालचे जे असेल ते कायद्याने बळीच ठरते ना? हा प्रश्न त्या दिवसांत फार थोड्यांनी विचारला. एका बाजूला विजयाचे फोटो, दुसऱ्या बाजूला खोट्या चकमकीचा आरोप. आपल्या चळवळीतल्या मैत्रिणीही यातली एक बाजू धरून बसल्या. राज्यसत्तेच्या अत्याचारावर मोर्चे काढणाऱ्या आपण, दलमाने पोरी नेल्या यावर गप्प राहिलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलनुसार बंडखोर गटांनी अठराखालच्या कुणालाही कोणत्याही परिस्थितीत भरती करायचे नाही. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे असे करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. त्याच कलमात, कुणीही मोठ्या माणसाने मुलांना बेकायदा धंद्याला लावले तरी तीच शिक्षा आहे. म्हणजे हे कलम रत्नागिरीच्या पोलीस ठाण्यातही लागते. गांजाची पुडी पोचवायला, दारूचे कॅन वाहायला पोर वापरणाऱ्यावर हे कलम लावले का, हे विचारत जा. बहुतेक वेळा पोरच पकडलेले असते.

सशस्त्र संघर्षात सापडलेले मूल या कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते. समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, तिच्यात किमान एक बाई असावीच लागते. पण सगळे अडते वयापाशी. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. घरी बाळंत झालेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या पोरीकडे यातले काय असणार? म्हणून जन्माची नोंद हे काम मला मोर्च्याइतकेच मोठे वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपती या वरिष्ठ नेत्याने साठेक साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. बातम्यांत बक्षिसाचे आकडे आले, हुद्दे आले. पण समजा, कुणी चौदाव्या वर्षी दलमात गेली आणि पंचविसाव्या वर्षी परत आली, तर कागदावर तिचे वय पंचवीसच. तिला घर मिळेल, रक्कम मिळेल, गुन्ह्यांची यादीही मिळेल. ती चौदाची होती तेव्हा तिच्यावर झालेला गुन्हा कुठल्या रकान्यात लिहायचा?

तुमच्यापैकी दोघीतिघी बालकल्याण समितीच्या कामाशी संबंधित आहेत, असे कळले. त्यांनी आधी बोलावे. नंतर बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.